पाकिटावर आक्कांचा हात

आक्कांच्या समोरून काहीही गेलं की त्यांचा उजवा हात पुढं यायचा आणि त्या वस्तूच्या पाठीवर एक थाप पडायची. जोरात नाही, पेंगुळलेल्या पोराला थोपटतात तेवढीच. मग ते चटणीचं पाकीट असो, पातेलं असो, शेजारणीची म्हातारी सासू असो, नाहीतर कंबरेला अवजारांचा पट्टा लावलेला माझ्यासारखा माणूस असो. थाप दिल्याशिवाय आक्का कुणाला पुढं सोडत नसत. पहिल्या दिवशी मी त्यांच्या गाळ्याच्या दारातून वाकून आत शिरलो, तर पाठीवर थाप आणि वर घोषणा, "आला. मशीनवाला एक."

मी म्हणालो, "आक्का, मी एकटाच आलोय."

"मंग एकच मोजला ना? दोन म्हणलं का म्या?"

"हात लावल्याबिगर मोजलं म्हणायचं नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गंमत म्हणजे, "किती झाले आक्का?" असं विचारलं तर आकडा कधीच मिळायचा नाही. "समदे हायेत," एवढंच उत्तर. एकदा मी हट्टानं विचारलं, समदे म्हणजे किती? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी निमूट माझ्या स्क्रू-ड्रायव्हरकडं वळलो.

मी कोण, ते सांगायचं राहिलंच. दुधाच्या पिशवीवर, बिस्किटाच्या पुड्यावर बारीक ठिपक्याठिपक्यांची तारीख असते ना, तुम्ही डोळे बारीक करून वाचता ती? ती छापणारी यंत्रं मी दुरुस्त करतो. वाळूजमधला एकेक कारखाना पालथा घातलाय मी त्यापायी. बजाजनगरातल्या एका महिला बचत गटानं कुठून तरी असलं एक जुनं यंत्र मिळवलं होतं. गाळ्यात पापड, चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी व्हायची. पाकिटं भरून, तोंड बंद करून एका पट्ट्यावर ठेवायची, पट्टा ती यंत्राखालून पुढं न्यायचा आणि जाता जाता त्यांच्यावर तारीख पडायची. गटाच्या अध्यक्ष मंदाताई. आणि पट्ट्याच्या सुरुवातीला, यंत्राच्या अलीकडं, पाटावर मांडी घालून आक्का.

हे यंत्र पाकिटाला शिवत नाही, हे त्यातलं खरं कौतुक. शाईची बारीक धार सुटते, तिचे एकसारखे थेंब होतात आणि ते उडत जाऊन पाकिटावर बसतात. बसला की थेंब जरासा पसरतो, शेजारच्याला टेकतो, शाईतलं पातळ उडून जातं आणि रंग मागं राहतो. पापणी लवेपर्यंत काम खलास. मला या कामाचं वेड आहे. बायको अजून सुनावते, "लग्नात लोक मला बघत होते आणि हे पाण्याच्या बाटलीवरची तारीख बघत होते." खोटं नाही ते. तारीख पुसट आली होती, मी काय करू?

तर हे सगळं मी मोठ्या प्रेमानं आक्कांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "शिवत नाय म्हनतो, मंग छापतंय कसं? थुकून?"

"तसंच समजा," मी म्हणालो. आणि फसलो.

"बया बया! खायाच्या वस्तूवर थुकतंय मेलं!" त्यानंतर कित्येक दिवस गाळ्यात माझ्या यंत्राचं नाव थुंक्या होतं. "भाऊ, थुंक्या बंद पडलाय," असा मंदाताईंचा फोन भर कंपनीत, स्पीकर चालू असताना आला. तिथले साहेब माझ्याकडं बघायला लागले.

आक्का मूळच्या सिल्लोडकडच्या. बापाची मेंढरं होती. दिवस मावळला की कळप कुंपणात घ्यायचा, आणि कुंपणाच्या तोंडाशी परकर खोचून उभी असायची ही पोर. एकेक मेंढरू आत जाताना त्याच्या पाठीला हात. "डोळ्यानं मोजलं तर एकच मेंढरू दोन टायमाला मोजल्या जातं," त्या सांगायच्या. "हाताला तसं नाय. कोण दमलंय, कोणाला ताप हाय, कोण उपाशी हाय, समदं हाताला कळतं." चटणीच्या पाकिटाला ताप कसा येईल, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

गेल्या दसऱ्याची गोष्ट. बायांनी गाळ्यात यंत्राची पूजा केली. नारळ, झेंडूची माळ, आपट्याची पानं, सगळं रीतसर. यंत्राला एक बारीक डोळा असतो. खालून पाकीट चाललंय हे तो बघतो, तेव्हा शाई सुटते. आक्कांनी नेमकं त्या डोळ्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं. यंत्र ठार आंधळं झालं. सणाच्या दिवशी ताटावरून उठून मी आलो, जरा तापलोच होतो.

"डोळ्यात कुंकू घालतं का कुणी, आक्का?"

"मंग कपाळ कुठंय त्याचं? दावलं का तू कधी?"

मुद्दा बिनतोड होता. मी खिशातला पेन काढला आणि यंत्राच्या पुढच्या पत्र्यावर एक गोल काढला. "हे कपाळ." तेव्हापासून दर शुक्रवारी कुंकू त्या गोलातच लागायचं.

आक्कांचा पोरगा इथंच एका कंपनीत फिटर होता. कंपनीनं त्याचं खातं चाकणला हलवलं, तसा तो बायकापोरांसह तिकडं गेला. त्याला आईला न्यायचं होतं. पोरगा गुणाचा, उगाच नावं ठेवायला जागा नाही. पण आक्का एकदा तिकडं राहून आल्या होत्या आणि तो प्रवास त्या फार रंगवून सांगायच्या. "नववा मजला. खिडकीतनं बघितलं तर समद्या मान्सांचे टाळूच दिसतात. लिफ्टात एक बाई आली, म्या पाठीला हात लावला, तर तिनं पर्सच कवटाळली की! चोर समजली मला."

शेवटी मायलेकात करार झाला. "आई, काम हाय तोवर ऱ्हा. काम सुटलं की माही गाडी दारात." आक्का हे ज्याला त्याला सांगायच्या, आणि वर म्हणायच्या, "माह्याबिगर पट्टा चालंल का? मंग कशाची गाडी अन् कशाचं चाकण!"

दिवाळीनंतर शहरातल्या एका मोठ्या किराणा दुकानानं चटणीची ऑर्डर दिली. बाया हरखल्या. आणि पहिलाच माल परत आला. पाकिटावरची तारीख गायब! कुठं महिना उरलेला, कुठं नुसते दोन ठिपके. दुकानाचा मॅनेजर फोनवर एकच पालुपद लावून बसला, "मॅडम, डेट नहीं तो माल नहीं."

मंदाताई माझ्यावर घसरल्या. "भाऊ, शाई कुठनं आणली होती? पोरांच्या कंपासातली तर नाय ना?"

मी शाई बदलली. यंत्राचं तोंड साफ केलं. गाळ्यात उभं राहून शंभरदा तपासलं. तारीख झकास! काळीभोर! माल गेला, आणि पुन्हा परत आला. इथं असते, तिथं नसते. म्हणजे काय, वाटेत तारीख रिक्षातून उतरून जाते का? माझी झोप उडाली. एवढ्या वर्षांत एकाही यंत्रानं माझी अशी अब्रू घेतली नव्हती.

आक्कांनी निदान केलं, नजर. आणि मी खाली वाकलेलो असताना त्या निखाऱ्यावर मीठमिरच्या टाकलेलं पातेलं घेऊन यंत्रावरून उतरवायला आल्या. आमची शाई भयंकर पेट घेणारी. मी किंचाळलो, पातेलं हिसकावलं आणि खोकत खोकत रस्त्यावर पळालो. मागून आक्कांचा आवाज, "बघा गं, नजर कसली कडक! मशीनवाल्यालाच लागलेली!"

मंदाताईंनी मात्र त्या दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलं, "आता एकदाच संधी आहे. पुन्हा माल परत आला तर ऑर्डर बंद. आणि ही ऑर्डर गेली तर हा गाळा आपल्याला परवडत नाही." आक्कांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजी पोराची गाडी आलीच म्हणा की."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाया जेवायला गेल्या होत्या. मी यंत्रापुढं डोकं धरून बसलो होतो. आक्का भाकरी-चटणी घेऊन आल्या. "खाय. उपाशी डोकं चालत नाय." त्यांनी भाकरी पुढं केली आणि माझं लक्ष त्यांच्या तळव्याकडं गेलं. चकचकीत तळवा. थंडी सुरू झाली की आक्कांचे हात भेगाळायचे, रक्त यायचं, म्हणून त्या सकाळ-दुपार तिळाचं तेल चोळायच्या.

मी पट्ट्यावरचं न छापलेलं एक पाकीट उचललं आणि खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. त्यावर अख्खा हात उमटलेला. पाच बोटं, तळवा, सगळं. जिथं तारीख पडते, बरोब्बर तिथं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी ते पाकीट छापून काढलं. तारीख सुंदर आली. अंगठ्यानं घासली, तर सगळी अंगठ्यावर आली.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाच नाही. समोर आक्का बसलेल्या, भाकरीचा तुकडा मोडून देत होत्या. पण लपवून ठेवण्यातला माणूस मी नाही. मी दोन ताटल्या घेतल्या. एक धुतलेली, एक तेलाचं बोट फिरवलेली. दोन्हीवर पाण्याचा एकेक थेंब सोडला. धुतलेल्या ताटलीवर थेंब ऐसपैस पसरला. तेलकट ताटलीवर अंग चोरून गोळा होऊन बसला. ताटली कलती केली तर सुर्रकन घरंगळला.

आक्कांनी ताटली हातात घेऊन स्वतः कलती करून बघितली.

"म्हंजी थेंबाला बूड टेकायला जागाच नाय."

"हो."

"अन् तेल माह्या हाताचं."

"हो, आक्का."

त्यांनी दोन्ही हात पदरात घेतले. मला वाटलं, आता रडतील. तर त्या पुढं वाकून कुजबुजल्या, "मंदीला सांगितलं का?"

"अजून नाही."

"मंग नको सांगू. आपुन दोघं काय तरी करू."

आणि अशा रीतीनं, वीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केलेला मी, एका म्हातारीच्या कटात सामील झालो.

पहिला उपाय, हातमोजे. आक्कांनी ते घातले, दोन पाकिटांना हात लावला आणि उपटून फेकले. "हाताला पिशवी बांधल्यावर कसं काय कळंल?" दुसरा उपाय, साबण. तेल गेलं, पण संध्याकाळपर्यंत भेगा उकलल्या आणि पाकिटावर तेलाऐवजी रक्ताचा ठिपका आला. मीच घाबरून तेलाची बाटली त्यांच्या हातात दिली. तिसरा उपाय माझ्या मते फार हुशारीचा होता. मी पाकिटं आक्कांपुढं पालथी ठेवायला लावली; त्यांनी थोपटायचं आणि मग सुलटं करून पुढं सोडायचं, म्हणजे हात एका बाजूला आणि तारीख दुसऱ्या बाजूला. आक्कांनी पहिलंच पाकीट बघितलं आणि, "आगं माय, हे पालथं निजलंय," असं म्हणून आधीच सुलटं केलं, मग सवयीनं थोपटलं आणि पुढं सोडलं. मी कपाळाला हात लावला. त्यांनी लगेच विचारलं, "डोकं दुखतंय का रं? तेल देऊ?"

मग मी त्यांचा पाट उचलून यंत्राच्या पलीकडं नेला. आधी तारीख पडेल, वाळेल आणि मग हात लागेल. "फक्त हातभर लांब बसा, आक्का. वाळायला क्षणभर द्या." व्हय म्हणाल्या आणि यंत्राला टेकून बसल्या. पाकीट यंत्राखालून बाहेर डोकं काढतंय न काढतंय तोच त्यांची थाप पडायची. ओल्या तारखेवर! थोड्या वेळानं त्यांनी मंदाताईंच्या हातून चहाचा कप घेतला आणि मंदाताई ओरडल्या, "आक्का, हाताला काय झालं?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. सगळा तळवा उलट्या तारखांनी काळा झालेला. बाया जमल्या. एकीनं भिंतीवरचा आरसा काढून आणला, तळवा त्यात धरला आणि वाचलं, "आक्का, तुमची मुदत फेब्रुवारीपर्यंत आहे!"

"चला, संक्रांत तर गावली!" आक्का म्हणाल्या. गाळ्यात हशा पिकला. मी पण पोट धरून हसलो, मला दोष देऊ नका, तुम्ही पण हसला असता. हसू ओसरलं तेव्हा आक्का एकट्याच हसत नव्हत्या. त्यांनी काळा हात वर धरला आणि खणखणीत आवाजात सांगून टाकलं, "आगं, तारीख माह्यामुळंच जायाची. ह्या हाताच्या तेलानं. मशीनवाल्याला कव्हाच कळलंय, म्याच त्याचं तोंड बांधलं. त्याला कुणी बोलू नका."

कुणीच कुणाला बोललं नाही. मंदाताईंनी रॉकेलचं फडकं आणलं आणि आक्कांचा तळवा मांडीवर घेऊन पुसत बसल्या. "एवढंच ना," त्या म्हणाल्या. "मला सांगायचं नाही का हो?"

शेवटच्या संधीचा माल निघाला त्या दिवशी मी मुद्दाम हजर राहिलो. आक्का आपल्या जुन्या जागी, यंत्राच्या अलीकडं. दोन्ही हात मांडीखाली दाबलेले, वर स्वतःचंच वजन. पाकीट आलं की खांदा हलायचा, कोपर हलायचं, पण हात बाहेर यायचा नाही. त्या नुसत्या मान पुढं करून एकेकाला सांगत होत्या, "जाय बाबा. तू बी जाय. नीट जाय." दुपारपर्यंत हाताला मुंग्या आल्या, मधूनमधून "आईगं" म्हणायच्या. पण शेवटच्या पाकिटापर्यंत त्यांनी हात सोडवला नाही. मला सांगायला लाज नाही, मी मधेच उठून बाहेर जाऊन डोळे पुसून आलो. शाईचा वास डोळ्यांना झोंबतो, असं कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

एकही पाकीट परत आलं नाही. मॅनेजरनं अजून माल मागवला. गाळ्यात भजी तळली, मला बोलावणं आलं. आक्का कोपऱ्यात बसून भजी खात होत्या. मी शेजारी टेकलो. "आक्का, जिंकलो की आपण! आता गाडी येत नाही चाकणची."

"म्या फोन केलाय पोराला," त्या म्हणाल्या. "रविवारी येतो म्हनला."

मला काही कळेना. "अहो, पण काम सुरू आहे ना? मग का?"

"माह्या हाताबिगर सुरू हाय. बघितलं ना तू बी."

"म्हणून काय झालं? तुम्ही नुसत्या बसून राहा. कोण उठवतंय तुम्हाला? मंदाताई तर म्हणतात..."

"बसून ऱ्हायाला तर तिकडं बी बोलावतंय की पोरगं," आक्का म्हणाल्या आणि माझ्या ताटात अजून दोन भजी घातली.

मी खूप बोललो, मंदाताईही बोलल्या, दोघीतिघी रडल्या. आक्का ऐकून घेत होत्या आणि भजी वाढत होत्या. रविवारी पोरगा गाडी घेऊन आला. बायांनी आक्कांची ओटी भरली. पोराच्या हातात चटणीचं एक खोकं दिलं. आक्का पुढच्या सीटवर बसल्या, काच खाली केली, आणि मला म्हणाल्या, "थुंक्याला सांभाळ." गाडी वाळूजच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही सगळे तिथंच उभे होतो.

आक्का चाकणला बऱ्या आहेत. पोराचा फोन असतो अधूनमधून. लिफ्टातल्या त्या पर्सवाल्या बाईशी गट्टी झाली आहे म्हणे, संध्याकाळी दोघी खालच्या बागेत बसतात. ऐकून बरं वाटलं.

मागच्या महिन्यात मंदाताईंनी फोन केला. "भाऊ, जरा येऊन जा."

"काय झालं? तारीख जाते का परत?"

"नाही. तुम्ही या तर."

मी गेलो. यंत्र तपासलं. शाई चांगली, थेंब एकसारखे, तारीख ठसठशीत, नखानं खरवडली तरी निघत नव्हती. पट्टा सुरळीत चालला होता. पाकिटं एकामागून एक येत होती आणि जात होती. बाया खाली मान घालून काम करत होत्या.

"सगळं तर ठीक आहे," मी म्हणालो. "मग बोलावलं कशाला?"

मंदाताईंनी चहाचा कप माझ्या हातात दिला. "काही नाही हो. आक्कांच्या जागी एक बाई ठेवली होती. फुलंब्रीहून यायची, चांगली होती. दोन दिवसांत सोडून गेली."

"का? काम जड होतं?"

"नाही. इथं बसून मी काय करू, असं सारखं विचारायची," मंदाताई म्हणाल्या. "आणि आम्हाला कुणालाच सांगता येईना."